लिफ्टचा उंबरा

केमनिट्झ. रात्रपाळी. घियाथ पलंग ढकलतो.
खिशात चिठ्ठी: ठणका, कळ, चमक, सल.
दुखण्याची नावं
तोंडी परीक्षेत दोनदा अडली.

हिल्बिगबाई म्हणतात, "पोटात उंदीर शिरलाय."
चिठ्ठीत उंदीर नाही.

हात लावायचा नाही.
अलेप्पोत अकरा वर्षं लावला,
त्याचा कागद इथल्या कुठल्याशा टेबलावर
शिक्क्याची वाट बघत पडलाय.

लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक गचकलं
आणि बाईंनी श्वास रोखून गुडघे पोटाशी ओढले.

घियाथ थांबला.
"माफ करा" म्हणत पलंग मागे घेतला,
पुन्हा नेला उंबऱ्यावरून,
हळूच, मुद्दाम,
नजर त्यांच्या ओठांवर.

वॉर्ड चौथ्या मजल्यावर.
त्यानं ऑपरेशन थिएटरचं बटण दाबलं.