मिस्त्रीचं गाढव

कुरणे सर त्याला घोडा म्हणायचे.
'घोडा आण गं' म्हटलं की मागच्या खोलीतून
मी तीन पाय फरफटत आणायची.
शहाबादीवर ओरखडा उमटायचा,
काकू आतून भांडं आपटायच्या.

पुढं कुणीतरी सांगितलं, इझल म्हणजे गाढव.
डच लोकांचा शब्द. ओझं वाहतं, म्हणून.
सर दोन दिवस हसत होते.
'म्हणजे चाळीस वर्षं
गाढवालाच घोडा म्हणत बसलो की!'

गुलाब मिस्त्रीनं तो केला होता
बंद पडलेल्या टॉकीजच्या खुर्च्या मोडून.
एका पायावर अजून पुसट आकडा आहे,
बाल्कनी, फ १४.

काय काय वाहिलं त्यानं.
शाहूपुरीतल्या अडत्याचे वडील, फोटोवरून,
डोळे त्यांचे, मिशी शेजाऱ्याची.
एक पैलवान, ज्याच्या मांड्या
तालमीला काही केल्या पुरेशा वाटेनात.
कारखान्याचे चेअरमन. ते निवडणूक हरले
आणि चित्र न्यायला कुणी आलंच नाही.
लग्नसराईत 'सुस्वागतम्'.
आषाढभर काकूंची न वाळणारी लुगडी.

'गाढवाला गुळाची चव काय,'
मी एकदा सहज बोलून गेले.
सर ब्रश पुसता पुसता थांबले.
'चव नसंल. वजन ठाऊक असतंय.
चित्र पुढनं समदेच बघत्यात.
हे पाठ बघतंय.'

सर गेल्यावर काकूंनी तो मला दिला.
रिक्षात मावेना. रंकाळ्याच्या वळणावर
एक पाय बाहेर, मी धरून बसलेली.

खुंटीला सात भोकं.
खालून तिसरं झिजून लांबट झालेलं,
सरांच्या उंचीचं.
मीही तिथंच खुंटी लावली, महिनाभर वाकून काढलं,
आणि पाठ धरली.
वर सरकवली तर फळी डुलायची,
वरच्या भोकांना कधी कुणी हात लावलाच नव्हता,
आत कोळ्यांनी घरं केलेली, लाकूड फुगलेलं.

टिंबर मार्केटात गुलाब मिस्त्रीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.
बोटानं चाचपून ओळखलं त्यानं.
'माझंच हाय. मास्तर बुटका हुता.
तू हुबी ऱ्हा बघू. सरळ.
आगं, सरळ म्हंजे सरळ!'
माझ्या छातीपाशी पेन्सिल टेकवून खूण केली,
गिरमिट फिरवलं.
पन्नास वर्षांपूर्वीच्या खुर्चीतून
ताजा, पिवळा भुसा पडला.

'जुनं बुजवू काय?'

नको म्हणाले.

'मग वीस रुपये दे,' म्हणाला,
'आन् एक पाय आखूड हाय त्याचा,
तवापास्नंच. मास्तरला सांगितलं न्हवतं.'