पाणी चढलं हे कशावरून कळतं

शालिमारला, चिवड्याच्या दुकानावर माझं ऑफिस आहे.
जिना चढताना लोकांना ठसका लागतो,
वर आले की मी त्यांना पाणी देते
आणि बेटं दाखवते.

भिंतीवरचं बेट दहा वर्षांचं झालं.
पश्चिमेचं ऊन खाऊन खाऊन
त्याचा समुद्र आता ताकासारखा दिसतो.
मी तो बदलत नाही. मी स्वतः
अजून एकही बेट पाहिलेलं नाही,
हेही गिऱ्हाइकाला सांगत नाही.

मंगळवारी पेपरात आलं :
पर्यटकांची बोट उलटली, नऊजण बेपत्ता.
पान सात, खाली, द्राक्षांच्या भावाशेजारी.
दुपारपर्यंत तीन बुकिंगं गेली.
एका नवरदेवानं तर बायकोला न विचारता
बेट सोडून महाबळेश्वर धरलं.

संध्याकाळी निकुंभ आले.
दगाजी निकुंभ, नोट प्रेसमधून रिटायर,
राहायला जेल रोड, सोबत इंदुमतीबाई.
लग्नाला चाळीस वर्षं, म्हणून बेट.
बातमी त्यांनी पट्टी लावून कापून आणली होती,
चारी कडा सरळ.
प्रश्नही तसेच, गड्डी मोजल्यासारखे :
बोटीत माणसं किती, जॅकेटं किती?
जॅकेटाला शिट्टी असते ना? ती वाजते का?
डॉक्टर बेटावर, की पलीकडे?
त्या जेलीफिशला दात नसतात म्हणे,
मग माणूस मरतो कशानं?

मी सरकारी सूचना वाचून दाखवली.
‘सावधगिरी बाळगावी’ असं तीनदा होतं तिच्यात.
‘कोणत्या खिशात?’ ते म्हणाले.
हसले नाहीत.

मग अगदी उठता उठता, चष्मा पुसत :
‘ताई, आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे.
गुडघ्याला पाणी लागलं की टपऱ्या हलतात,
कमरेला लागलं की सराफ बाजार जागा होतो,
गळ्याला लागलं की कुणी काही विचारत नाही.
तिथं पाणी चढलं हे कशावरून कळतं?’

मला उत्तर येईना.
माझे वडील रामकुंडावर पोरांना पोहायला शिकवायचे.
पुराच्या दिवसांत रेडिओ बंद ठेवायचे,
पुलावर जाऊन एकदा त्या मूर्तीकडे बघायचे,
आणि घरी येऊन एक तर दोर काढायचे
नाही तर झोपायचे.

रात्री मी बेटावर मेसेज टाकला.
रिसॉर्टच्या मॅनेजरला नाही, त्याची उत्तरं छापील असतात.
धक्क्यावर सामान उतरवतो त्या पोराला.
माझं इंग्रजी मोडकं, त्याचं त्याहून मोडकं,
म्हणून जमलं.

दोन दिवसांनी फोटो आला.
शाळेची भिंत, तिच्यावर एक निळी रेघ,
मागच्या वादळात पाणी जिथवर आलं तिथं
कुणीतरी ऑइलपेंटनं ओढलेली.
खाली लिहिलं होतं : म्हातारे हिच्याकडे बघतात.
तुमच्या खोल्या हिच्या वर आहेत.
किचन नाही.

निकुंभांनी मोबाइल हातात घेतला,
नोट उजेडात धरतात तसा खिडकीशी धरला,
तिरका केला, सरळ केला.
‘खरा आहे,’ म्हणाले.
तेव्हा इंदुमतीबाई पहिल्यांदा बोलल्या :
‘रात्री खोलीत समुद्राचा आवाज येतो का?’
इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं मला.

गेले ते.
पहिला फोटो : दोघं कोरड्या वाळूत, पाण्यापासून चांगलेच लांब,
अंगात नारिंगी जॅकेटं,
निकुंभांच्या तोंडात शिट्टी.

काल रात्री बाईंच्या नंबरवरून नुसता आवाज आला,
चाळीस सेकंदांचा.
सकाळी ऑफिसात दार लावलं, पंखा बंद केला आणि ऐकला.
खाली रिक्षावाला हॉर्न मारतच होता.
एक लाट, मग दुसरी,
आणि मधेच कुठंतरी शिट्टीसारखं काही.

पुन्हा लावलं. पुन्हा.
पक्षी असावा बहुतेक.
तरी मी फोन लावला.