झिरोचा बल्ब, नग दोन

लेखापरीक्षणाचा शेरा आला, हिरव्या शाईत:
मुलींचे बालगृह, पहिला मजला, व्हरांडा.
झिरोचा बल्ब रात्रभर चालू.
प्रयोजन काय? खुलासा करावा.

मी शिवाजीनगरच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक.
माझ्याकडे मुलं येतात ती कागदावरून:
वय अंदाजे नऊ,
डाव्या दंडावर भाजल्याची खूण,
आणि आवडनिवड, त्या रकान्याला जागा अर्धा इंच.
सव्वीस वर्षं देयकं तपासतोय,
दूध किती, केळी किती, खोबरेल तेल दरडोई किती मिलिलिटर.
ते तेल ज्यांना लागतं
त्यातलं एकही डोकं मी पाहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, पिंगळे, जाऊन या एकदा,
काहीतरी लिहून द्यावंच लागेल.

हडपसरच्या पुढे बस बदलून पोचलो.
गृहमाता द्वारकाबाई पायरीवर
एका मुलीच्या उवा काढत होत्या. उठल्या नाहीत.
म्हणाल्या, बल्बचं मला कशाला विचारता,
ही बसलीय ना पुढ्यात, तिलाच विचारा.

नाव झेलम.
संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या गाडीचं नाव
तिनं बहुतेक स्वतःच उचललं असावं,
द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मान खाली, केस तोंडावर, तशीच बोलली:
आमच्या तिथं रात्र नव्हती, काका.
फलाटावरची लाईट कधी जात नाही.
इथं आले त्या दिवशी बाईंनी बटण दाबलं
आणि सगळं गेलं.
मला वाटलं, मी पण गेले.

परत येऊन फाईल काढली.
बाल कल्याण समितीच्या ताईंनी
काळजी आराखड्यात लिहून ठेवलं होतं, स्पष्ट, निळ्या पेनानं:
'मुलीच्या खोलीबाहेर रात्री … ठेवावा.'
मधला शब्द नव्हता.
त्या पानाला भोक मीच पाडलेलं,
बरोबर 'उजेड'वर,
आणि त्यातून लाल नाडी ओवलेली.

खुलाशाचे चार मसुदे झाले.
भीती हे लेखाशीर्ष नाही.
'सुरक्षिततेच्या कारणास्तव' लिहिलं, खोडलं;
चोर येतात असं वाटलं असतं वाचणाऱ्याला.
'बालिकेच्या मानसिक स्वास्थ्याकरिता' लिहिलं,
बरोबर होतं,
पण तेवढ्याने तिथला व्हरांडा डोळ्यापुढे येईना.
शेवटी लिहिलं:
सदर बालिकेस रात्रीची सवय होईपर्यंत
सदर बल्ब चालू ठेवणे आवश्यक आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं.
'बालिकेस' खोडून 'बालिकांस' केलं
आणि सही केली.
बाकी काही बोलले नाहीत.
मीही एवढंच म्हटलं, मुदत लिहायची राहिली, सर.
ते म्हणाले, राहू द्या.

एक सांगायचं राहिलं.
निघताना तिनं विचारलं होतं, तुम्ही बल्बवाले का?
हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?
मग जिन्यात पण एक लावा.
आसावरी लहान आहे. तिला लागतो,
पण ती सांगत नाही.

बुधवार पेठेतून घेतला, पंचवीस रुपयांना.
पावती मागितली नाही.
आयुष्यात पहिल्यांदा.
द्वारकाबाईंनी स्टुलावर चढून लावला,
मी खालून स्टूल धरलं,
आणि जिन्याच्या आठ पायऱ्या
पिवळ्याशा, जेमतेम, दिसायला लागल्या.

हल्ली भोक पाडण्याआधी
पान खिडकीशी धरून बघतो,
खाली कुठला शब्द येतोय.
शेजारचे टाकळकर हसतात. वेळ जातो हे खरं.

तो शेरा अजून निकाली निघालेला नाही.
मार्चमध्ये पुन्हा येईल,
तेव्हा व्हरांडा आणि जिना, नग दोन.
येऊ दे.