नमुना अपुरा

नंदगडच्या अलीकडं बर्फ विरघळला
आणि थर्माकोलच्या डब्यात
पाच बाटल्या बिननावाच्या झाल्या.
वर कन्नडात, खाली मराठीत
मीच जेलपेननं लिहिलेली लेबलं
निळं पाणी होऊन तळाशी बसली होती.
त्यात कुठली वेलांटी, कुठला ओत्तु,
कळायला मार्ग नव्हता.

सायबांना फोन केला असता तर म्हणाले असते, परत जा.
परत म्हणजे पाच तळी, सत्तर किलोमीटर,
स्कूटीत पेट्रोल साठ रुपयांचं,
आणि जोडकेरीच्या पायरीवरची ती म्हैस
सकाळी एकदा उठली होती माझ्यासाठी,
पुन्हा उठणारी दिसत नव्हती.

चहाच्या गाड्यावरली सातव्वा डब्यात डोकावली.
म्हणाली, शट्टुप्पा परटाकडं जा गे.
त्याला पाणी वळखतंय.

बांधाखालच्या छपरात म्हातारा बसला होता,
गुडघ्यांना तेल लावत.
मागं कुठंतरी पंप घुरघुरत होता,
त्यामुळं मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.
ऐकून झाल्यावर त्यानं कोनाड्यातून
साबणाच्या वडीचा तुकडा काढला, नखाएवढा,
आणि तळहात पुढं केला. झाकणभर ओत म्हणाला.

पहिल्या पाण्याचा फेस उभाच राहिला,
निरशा दुधासारखा.
"गवळ्याचं तळं. जांभ्यातलं पाणी हे.
ह्याला नीळ लागत नाही."

दुसऱ्याचा फेस धरेना. फुटला,
बोटांत दह्याच्या कण्या राहिल्या.
"हिरेकेरी. काळ्या रानातली. साबण खातंय मेलं."
(क्षारता पाचशेच्या वर, मी मनात लिहिलं.)

तिसरी त्यानं नुसती हुंगली
आणि म्हशीचं नाव सांगितल्यासारखं
जोडकेरीचं नाव सांगितलं.

चौथीला वेळ लागला. ती संपली नसती तर बरं,
असं त्याच्या बोटांकडं बघून वाटत होतं.
देवाची तळी. तिथं तो लग्नातलेच कपडे न्यायचा,
शालू, फेटे, एकदा फौजदाराचा कोट.
साबण न लावता पैसे साबणाचे घ्यायचा.
हे सांगताना हसला, तेव्हा खालचे दोनच दात दिसले.

मग पाचवी.
मी बाटली उचलली तेवढ्या हलण्यानंच
आत गळ्यापर्यंत फेस आला.
साबण अजून त्याच्या दुसऱ्या हातात होता.
"ही कुठली गे?"

मी गप्प. चार गेली, एकच उरत होतं,
ते त्याच्या छपरातून दिसत होतं.

त्यानं तळहातावर घेतलं, वास घेतला,
जिभेला लावायला गेला, मी मनगट धरलं.
"तळं न्हवं हे," म्हणाला.
"ह्यात कुणीतरी आधीच धुऊन ठेवलंय."

तेवढ्यात पंप थांबला.
गमबूट घातलेला त्याचा रवळू
पँट पिळत छपरात आला, मला चहा विचारला.
त्याच्यामागं बांधावर उसाची लॉरी निथळत होती,
नवी असल्यासारखी,
आणि तिच्या चाकांखालून एक पांढरी ओळ
उताराला लागली होती,
शट्टुप्पाच्या धुण्याच्या दगडाला वळसा घालून
पाण्यात.

मी वही काढली. पाच. परटाचं तळं.
ह्या खेपेला पेन्सिलीनं लिहिलं.
त्याला वाचता येत नाही,
तरी वही जरा आडवी धरली.

म्हातारा हात धोतराला पुसत होता,
पुन्हा पुसत होता.
"बुळबुळ जाईना गे. जरा पाणी दे."

मागं एवढं मोठं तळं.
माझ्याजवळ चार बाटल्या.

अहवालात देवाच्या तळीच्या रकान्यात
आकडे नाहीत. तिथं लिहिलंय:
नमुना अपुरा.