साल

कंधारच्या पीठगिरणीची चौकट काढायला
परवा मलाच बोलावलं.
शटर बसवणार आहेत.
गिरणीवाला म्हणाला, तुम्हीच केलेली ना,
तुम्हालाच ठाऊक कुठून सुटते.

केली होती मामानं, नागोराव पांचाळनं.
उंबऱ्याची डावी साल तेवढी माझी.
माझी पहिली खोल साल:
चार सूत रुंद, चार इंच खोल, आरपार.

किनवटच्या डेपोतलं सागवान,
त्यावर मी मांड ठोकून, तळव्यांनी आवळून,
आणि समोर मामा, तंबाखू मळत.
पेन्सिल नको म्हणाला. पेन्सिलीची रेघ जाड असती,
जाड रेघंत खोटं बोलाया जागा मिळती.
सुरीनं आखलं.
गुण्या एकाच अंगाला टेकवायचा,
अंग बदललं की लाकूड आपलं राहत नाही.

पहिला घाव मधोमध.
मग थोडं मागं, अजून थोडं मागं.
टोकाच्या रेघेला शिवायचं नाही,
ती शेवटच्या घासाला.
पटाशी उभी धरायची,
आडात सोडलेल्या दोरासारखी उभी,
आणि ढलपी उचकटताना
तिची पाठ सालीच्या काठावर टेकू द्यायची नाही,
काठ दबला की तो जन्मभर दबलेला.
वरच्या इंचात ठक्क वाजतं.
खाली गेलं की आवाज घशात जातो.
तिथं डोळे कामाचे नाहीत.

अर्ध्यात उलटवायचं.
वरून निघालेली आणि खालून निघालेली
मध्ये भेटली पाहिजेत,
मन्याडच्या दोन काठांवरून, रात्री,
नुसत्या हाकांवर निघालेल्या माणसांसारखी.

माझी भेटली.
जवळजवळ.
खालचा अर्धा जरा रुंद झाला,
आत ज्वारीच्या दाण्याएवढी पायरी राहिली.
बोट घालून पाहिलं,
बोट काढून मामाकडं पाहिलं.
तो चुन्याची डबी शोधत होता.

आत कोण बघतंय, मी म्हणालो.
म्हणाला, जो मोडाया येईल त्यो.

कुसू बसला. मेख मारली.
घरी आईला सांगितलं, वारासुद्धा शिरणार नाही.
बावीस सालं हेच सांगत आलो,
आता हाताखाली शिकणाऱ्या पोरांनाही.

तर परवा.
आधी मेख काढली, बांबूची, सुपारीसारखी कडक.
मग बाहीला खालून ठोके.
चौथ्या ठोक्याला ती कण्हली आणि वर आली.
बाहेर सगळीकडं पीठ,
बिजागरीच्या स्क्रूच्या खाचेत पीठ,
उंबऱ्याच्या भेगेत पीठ दगड होऊन बसलेलं.
आत एक कण नाही.
आत त्या दिवशीचंच सागवान,
त्याच रंगाचं, वासाचं.

टॉर्च मारली.
पायरी नव्हती.
रुंद झालेल्या अर्ध्यात
चिंचेची एक पातळ पट्टी बसवलेली,
नखही अडकू नये अशी.
मी बसवली नव्हती.

म्हणजे त्या दुपारी मी भाकरी खायला गेलो तेव्हा,
नाहीतर मला खिळे आणायला उगाच नांदेडला धाडलं तेव्हा,
त्यानं मेख उपसली, बाही सोडवली,
आणि सगळं पुन्हा होतं तसं.
नंतर अकरा वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं.
पितळी पाण्याचा लोटासुद्धा एकच.
एका शब्दानं बोलला नाही.

शटरवाला विचारत होता, दिवे लागायच्या आत होईल का.
होईल म्हणालो.
उंबरा मजुरीत मागून घेतला.

आज सकाळी मोहसीननं पहिली खोल साल पाडली.
बोट घातलं, फिरवलं, थांबला,
माझ्याकडं बघितलं.

मी तंबाखू खात नाही.
खिसे चाचपले,
मोबाइल सापडला,
आणि बंद पडद्याकडं बराच वेळ
बघत राहिलो.