सामाईक

वाटणीपत्रात लिहिलंय:
जिना सामाईक, बोअर सामाईक,
पूर्वेकडच्या भिंतीतली सांडपाण्याची नळी सामाईक.
ते कलम तेव्हा कुणी मोठ्यानं वाचलंच नाही.
भांडण गच्चीवरून होतं.

आज वखारभागातली शटरं वर जायच्या आत
माझं सिंक तुंबलं.
भाताचं पाणी, चहाचा चोथा, वर तवंग
आणि सगळ्यावर पिवळी झाक.
सांगलीत काय तुंबलं तरी हळदीच्याच रंगाचं तुंबतं.
हे म्हणाले, मुजावर मिस्त्री लग्नाला बेडगला गेलेत,
सोमवारशिवाय येत नाहीत.
एवढं सांगून मार्केट यार्डात निघून गेले.

मग मला ठाऊक होतं तेवढं मी केलं.
वाटीनं वरचं पाणी उपसलं,
चार चमचे खायचा सोडा बोटानं जाळीत ढकलला,
त्यावर दोन लिंबं,
लोणच्याला ठेवलेली, जिवावर येऊन पिळली.
फसफसलं. आवाज असा, की काम झालंच.
झालं नव्हतं.

आधण ठेवलं, तर सासूबाई कानात:
उकळतं पाणी मोरीत ओतायचं नाही,
आत जीव असतात.
आमचं घर पाणी गाळून पिणारं.
नळाला फडकं, फडक्याला गाठ,
वरून येणाऱ्या थेंबाथेंबाची चौकशी.
खाली काय जातं ते मात्र
बावीस वर्षांत कुणी वाकून पाहिलं नाही.
गार मिसळून कोमट केलं, ओतलं.
तेही येऊन बाकीच्यांत उभं राहिलं.

खाली बसले. ट्रॅपखाली घमेलं.
आटा सुलटा फिरवला, मग उलटा
(उलटा तोच सुलटा होता).
निघाला. वासाबद्दल लिहीत नाही.
आत भात फुगून बसलेला.
आमच्यात इंद्रायणी, पलीकडे कोलम,
यावरूनही एकदा बोलाचाली झालेली,
पण माझं शीत कुठलं आणि तिकडून आलेलं कुठलं,
कुजल्यावर मला सांगता येईना.

ट्रॅप धुतला, बसवला. पाणी तसंच.
म्हणजे अडलं होतं ते भिंतीत.
सामाईकात.

रबरी पंप लावून दाबला, एकदा, दोनदा,
तर पलीकडे गुडगुड झालं
आणि नऊ महिन्यांनी त्रिशलावहिनींचा आवाज आला,
माझ्याशी नाही, सिंकशी:
"आगं आई, हे काय वर यायलंय!"

तेव्हा ध्यानात आलं.
मी इकडून लावते तो जोर तिकडून निसटतोय.
एक तोंड दाबल्याशिवाय दुसऱ्यात दम धरत नाही.

पार्टिशनची भिंत, चार इंची, गिलावा एकाच बाजूनं.
लाटण्यानं ठोकली.
"वहिनी, फडकं भिजवून बोळा करा
आणि जाळीवर दाबून धरा की जरा."

काहीच नाही.
मग नळ बंद केल्याचा आवाज.
मग बांगड्या वर सरकवल्याचा.
"धरलंय. हाण."

हाणलं. दहा, पंधरा, पुढं मोजायचं सोडलं.
मधेच त्या म्हणाल्या, "मनगट दुखायलंय."
मी म्हटलं, "माझं पण."
गच्चीचा विषय निघाला नाही.

आणि नळीत कुणीतरी मोठा घोट घेतला.
पाणी गोल फिरलं, घाईघाईनं गेलं,
कडेला पिवळी रेघ तेवढी ठेवून.
मी नळ पूर्ण सोडला आणि बघत राहिले.
जाणारं पाणी एवढा वेळ
मी कधी बघितलं नव्हतं.

रेघ घासली. घमेलं मागं नेऊन पेरूच्या बुडात उलटं केलं.
पंप उन्हात ठेवून आत आले,
ओटा पुसायला घेतला,
तर भिंतीतून, जरा चिडून:

"आगं, सुटलं का न्हाई?
हात काढू का मी?"