आकुंचन धरून

उद्यमबागेतल्या शेडमध्ये तीनला चहा येतो.
तेवढा वेळ ग्राइंडर बंद असतो, बोलता येतं.
मी बेलफास्टहून आणलेला बिस्किटांचा डबा फोडला.
भरमू मामानं आधी डबा उलटा करून
त्याच्या पत्र्याची शिवण बघितली.

"काय बघून आलीस की गं, एवढं लांब जाऊन?"

जहाजाचं म्युझियम, म्हटलं. टायटॅनिकचं.
ते बांधलं ते गाव.
वाळू चाळणारा बसप्पा चाळण धरून थांबला.
"मुळगितल्ल, अदे एन?"
बुडालं तेच.

तिथले लोक, मी सांगितलं, हसून म्हणतात,
इथून गेलं तेव्हा धड होतं.

मामा असा हसला की चहा बशीत आला.
तीस वर्षं हेच वाक्य त्यानं
पुण्याला, हुबळीला, कोल्हापूरला फोनवर ऐकवलंय.
ब्लोहोल निघालं म्हणे. चीर निघाली म्हणे.
हितनं गेलं तवा धड होतं, साहेब.

मग मोबाइलवर त्याला सुकी गोदी दाखवली.
पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेली,
जहाजाएवढी लांब, जहाजाच्या बेतानं रुंद,
आणि आत काही नाही.
तळाला थोडं पावसाचं पाणी, एक पांढरा पक्षी.
तिथं माणसं गप्प होतात. मीही झाले होते.

मामा झाला नाही.
"हा साचा आहे," म्हणाला.
"आम्ही मोडतो. मोडल्याशिवाय वस्तू निघतच नाही.
वाळू परत वाळूत, उद्या तिच्यात दुसरा पंप.
ह्यांनी ठेवला बघ."

मग त्यानं विचारलं ते मला येत नव्हतं.
पंख्याच्या बोंगाड्याचा पॅटर्न लाकडात कुणी केला?
कुठलं लाकूड? सागवान, की त्यांच्याकडचं काही?
आणि सुताराचं नाव लिहिलंय का कुठं?

नावं होती, मामा. काचेवर, भिंतभर.
चढलेल्यांची, उतरलेल्यांची, न उतरलेल्यांची.
बांधताना आठ जण मेले, तेही गाइडनं सांगितलं.
सुताराचं मी शोधलं नाही.
सुचलंच नाही शोधायचं,
आणि मी तुझी भाची.

तो काही बोलला नाही. शिडीनं माळ्यावर गेला.
वर त्याचे पॅटर्न आहेत, लाल रंग दिलेले,
अनगोळच्या एका बंद कारखान्याचे,
मच्छ्याच्या दोघा भावांचे, जे आता बोलत नाहीत.
कुणी मागायला येत नाही, आणि हा जाळत नाही.
धूळ झटकून एक खाली आणला,
एवढासा, तीन पात्यांचा.
"बोटीचा न्हवं. उसाच्या मळीत फिरायचा."
पण पातं वळलेलं असं
की अंगठा ठेवला तर आपोआप घसरत काठापर्यंत जातो.

खिशातली पट्टी काढली त्यानं, पितळी, कडा झिजलेली.
लहानपणी तिच्यावर मी वहीत रेघा मारल्या
आणि शाळेत चूक निघाली होती.
तिचा फूट फुटाहून एक सूत मोठा.
लोखंड थंड होताना आवळतं,
म्हणून पॅटर्न करणाऱ्याला खोट्या फुटानंच मोजावं लागतं,
तेव्हा कुठं वस्तू खरी येते.

"किती लांब म्हणालीस?"
आठशे ब्याऐंशी फूट, आणि वर काही इंच.
"वरचे सोड."
ओठ हलले. बसप्पाही कन्नडात मोजू लागला,
दोघांचं उत्तर एकदमच आलं.

भट्टीजवळच्या भिंतीवर, स्क्रॅपवाल्याच्या नंबराखाली
मामानं खडूनं लिहिलं:
९ फूट २। इंच.

"ओतायचं म्हटलं असतं तर
एवढं जास्त धरायला लागलं असतं.
निवण्यासाठी."

तिसऱ्या गेटवर गाडीनं शिट्टी दिली, लोंढ्याकडची.
बसप्पानं बिस्किटं खाऊन संपवली होती.
डबा मात्र मामानं मागून घेतला,
खिळे ठेवायला.